बजबजची मराठी

कलकत्त्यात माझं नाव शुनोन्दा आहे. आईवडिलांनी सुनंदा ठेवलं होतं, पण बंगाली जिभेवरून ते असंच उतरतं. करंदीकर हे आडनाव तर इथे कुणी शेवटपर्यंत नीट नेल्याचं मला आठवत नाही. आजोबा नोकरीसाठी इथे आले, वडील इथेच वाढले आणि मी इथेच जन्मले. घरात मराठी, गल्लीत बंगाली, कामावर इंग्रजी आणि टॅक्सीवाल्याशी हिंदी अशी आमची वाटणी. मी दक्षिण कलकत्त्यातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवत असे. डमडमहून मेट्रोनं जायचं, नद्या आणि पर्वत शिकवायचे, संध्याकाळी परत यायचं, असं बरं चाललं होतं. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मात्र माझ्या हातातला नकाशा काढून घेतला गेला. मला संगणकापुढे बसवून सांगितलं, की पहिल्या वर्षाच्या मुलांना विषय निवडायला मदत करा.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात मदत कसली करायची. पूर्वी मूल इतिहास घेऊन यायचं आणि इतिहास घेऊन जायचं. आता तसं नाही. आता एक मेजर, म्हणजे मुख्य विषय. त्याच्या जोडीला मायनर, म्हणजे दुय्यम विषय. शिवाय एक विषय आपल्या शाखेबाहेरचा, एक कौशल्याचा, एक मूल्यांचा आणि एक भाषेचा. लग्न मेजरशी लागतं, पण सासरची बाकी मंडळीही सांभाळावी लागतात, असं मी मुलांना समजावत असे. यातल्या एकाही विषयाचं क्रेडिट बुडालं तर पदवी अडते. ही सगळी निवड विद्यापीठाच्या पोर्टलवर करायची. मुदत संपली की पोर्टल बंद, आणि मग देव आला तरी विषय बदलत नाही.

मुलं विषय कशावरून निवडतात, यावर मी एखादा ग्रंथ लिहू शकेन. एका मुलीचे आजोबा माझ्यापुढे बसून ज्या विषयाला जिना चढावा लागणार नाही असा विषय मागत होते. नातीचे गुडघे ठणठणीत होते. कधीकधी तिला न्यायला आजोबा स्वतः येणार होते, प्रश्न त्यांच्या गुडघ्यांचा होता. तळमजल्यावर आमच्याकडे फक्त तत्त्वज्ञान होतं. मुलीनं ते घेतलं आणि पुढे त्यात चमकली, हेही सांगितलं पाहिजे. एका जोडप्यानं, म्हणजे त्या काळातल्या जोडप्यानं, मेजरपासून मूल्यांपर्यंत सगळे विषय अगदी सारखे घेतले होते. पावसाळा संपेपर्यंत त्यांचं फाटलं. मग दोघंही वेगवेगळी येऊन, एकमेकांचं नाव न घेता, एकही तास सारखा नको म्हणून विनवू लागली. पोर्टल बंद होतं. मी त्यांना वर्गाच्या दोन टोकांना बसवण्यापलीकडे काही करू शकले नाही.

आणि मग सुभेदार मेजर पवार. हे मूळचे साताऱ्याकडचे, बराकपूरच्या छावणीत नेमणुकीवर. मुलीच्या प्रवेशासाठी आले तेव्हा खिडकीत आमचे बिश्वासबाबू होते. बिश्वासबाबू आमच्या ऑफिसातले सर्वांत सज्जन क्लार्क, पण डोळे कायम पडद्यावर. त्यांनी वर न बघता हिंदीत विचारलं, मेजर? पवार म्हणाले, हो, मेजर. कोणता? सुभेदार. बिश्वासबाबूंनी यादी वरून खाली आणि खालून वर तपासली आणि सुभेदार हा विषय आपल्या कॉलेजात नाही असं सांगितलं. तुमच्या मुलीचा मेजर विचारतोय, असा खुलासाही केला. पवार म्हणाले, मुलगीही मेजर आहे, आत्ताच अठरा पूर्ण झालीत, दाखला आणलाय. रांग थांबली तेव्हा मला बोलावलं. दारावरची माझी पाटी वाचून पवारांनी जो सुस्कारा सोडला तो मला अजून आठवतो. "बाई," ते म्हणाले, "ही मेजर कशात आहे तेवढं मला सांगा. मी बाप म्हणून सही करून मोकळा होतो."

त्यांच्या मुलीनं मानसशास्त्र घेतलं. भाषेच्या विषयात तिनं इंग्रजी निवडली. यादीत मराठीही होती. पवारांनी ते पाहिलं आणि मुलीकडे पाहिलं. मुलीनं खिडकीबाहेर पाहिलं. ती पाच राज्यांतल्या शाळांमध्ये वाढली होती आणि मराठी फक्त फोनवर आजीशी बोलताना वापरत होती.

आमच्या कॉलेजच्या यादीत मराठी कशी आली, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. शिकवायला आमच्याकडे बंगाली, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी एवढंच. पण पोर्टल बनवणाऱ्यानं देशातल्या भाषांची यादी कुठूनतरी उचलून जशीच्या तशी चिकटवली असावी. नंतर कुणीतरी तिच्यातल्या नको त्या भाषा काढल्या. मराठी राहून गेली. मी ते पाहिलं, हसले आणि सोडून दिलं. मराठी कोण घेणार?

पोर्टल बंद झाल्यावर बिश्वासबाबू एक कागद घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "शुनोन्दादी, एक मुलगी तुमची निघाली."

कागदावर सोहिनी मंडल असं नाव होतं आणि भाषेच्या रकान्यात मराठी. आडनाव बंगाली, तेव्हा आई मराठी असणार असं मी धरून चालले. खोटं कशाला सांगू, मला हर्ष झाला. इतक्या वर्षांत कॉलेजात माझ्याशी मराठी बोलणारं कुणी आलं नव्हतं. मी तिला बोलावून घेतलं. वेणी घट्ट घातलेली, खांद्यावर जड पिशवी, आणि मान किंचित पुढे, जणू कायम गाडी गाठायची आहे. मी म्हटलं, "ये गं, बस. गाव कुठलं तुमचं?"

तिनं मागे वळून पाहिलं. मी दुसऱ्या कुणाशी बोलते आहे असं तिला वाटलं.

मग बंगालीत विचारलं. ती बजबजची होती. बजबज हे हुगळीकाठचं खरंखुरं गाव आहे, तागाच्या गिरण्या आणि तेलाचे डेपो असलेलं. मराठी वाचकांनी हसू नये, बजबजपुरी तिथे नव्हती, ती आमच्या पोर्टलवर होती. वडील तागाच्या गिरणीत कामाला आणि गिरणी अधूनमधून बंद पडणारी. आई बंगाली, आजी बंगाली, वरच्या सात पिढ्या बंगाली. मी विचारलं, मग मराठी का घेतलीस?

तिनं थोडा विचार केला आणि खरं सांगितलं. "मॅम, मला वाटलं हे शिकवणारं इथे कुणी नसेल."

भाषेचा तास दिवसाच्या शेवटी असे. तो केला की तिची बजबज लोकल चुकायची. ती गाडी चुकली की तिच्या शिकवण्या चुकायच्या. गल्लीतली लहान मुलं रोज संध्याकाळी तिच्याकडे शिकायला येत आणि गिरणी बंद असे तेव्हा घर त्यावरच चाले. म्हणून तिनं यादीतली प्रत्येक भाषा तपासली. बंगालीला शिक्षक होते, हिंदीला होते, उर्दूला होते. मराठीला कुणी दिसेना. शिक्षक नाही तर तास नाही, आणि तास नाही तर गैरहजेरीही नाही. परीक्षेचं काय, असं मी विचारल्यावर ती म्हणाली, "तोवर काहीतरी होतंच ना, मॅम. आपल्याकडे शेवटी काहीतरी होतंच."

हा हिशेब इतका बिनचूक होता की मला रागावताही येईना. त्यात एकच चूक होती आणि ती तिच्यासमोर खुर्चीत बसली होती. मी म्हटलं, "मराठी शिकवणारं कुणी नाही हे खरं. पण मी मराठी आहे."

तिचा चेहरा पडला. मलाही आतून थोडं लागलं. इतक्या भाषांमधून एका मुलीनं माझी भाषा वेचून काढली, ती इथे कुणाचीच नाही म्हणून.

आम्ही विषय बदलून घ्यायचा प्रयत्न केला. प्रिन्सिपल सेनगुप्तांनी विद्यापीठाला लिहिलं. उत्तर आलं ते असं : मराठी यादीत आहे, म्हणून ती बदलता येत नाही. यादीत आहे, म्हणून कॉलेजनं ती शिकवलीच पाहिजे. मात्र तिचा अभ्यासक्रम ठरवणारी समिती अस्तित्वात नाही, म्हणून परीक्षा घेता येत नाही. परीक्षा झाली नाही तर क्रेडिट मिळणार नाही, आणि क्रेडिट नसेल तर विद्यार्थिनीला पुढे जाता येणार नाही. तरी कॉलेजनं समितीसाठी योग्य व्यक्तींची नावं सुचवावीत. शिकवणाऱ्या व्यक्तीनं समितीत बसू नये, प्रश्नपत्रिका काढू नये आणि उत्तरपत्रिकाही तपासू नये.

म्हणजे सोहिनीचं काहीतरी झालं होतं, पण तिला हवं होतं ते नव्हे.

सेनगुप्तासाहेब भला माणूस. ते मला म्हणाले, तुम्ही भूगोल शिकवताच, त्यात थोडी मराठी घाला. मी म्हटलं, सर, मी मराठी शिकलेले नाही, नुसती मराठी आहे. शाळेत माझी भाषा बंगाली होती. मराठी मला आईनं पोळ्या लाटता लाटता दिली. ते म्हणाले, मग तर फारच छान, आमच्या बंगालीच्या प्राध्यापकांकडे तेवढंही नाही.

शिकवायची वेळ सोहिनीनं ठरवली. दुपारच्या मधल्या सुट्टीत, नकाशांच्या खोलीत. ती डबा उघडायची, मी माझा उघडायचे आणि आम्ही सुरू करायचो. ती फार चटपटीत होती. देवनागरी तिला शाळेतल्या हिंदीमुळे येत होती. ळ मात्र तिच्या तोंडात बसेना. बंगालीत ळ नाही. फळाचं ती फल करायची, बाळाचं बाल. पण खरी लढाई झाली ती लिंगावर. बंगालीत हा प्रकारच नाही. मी सांगितलं, तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल. तिनं विचारलं, हे कुणी ठरवलं? मी म्हटलं, पूर्वापार चालत आलंय. ती म्हणाली, "टेबल तर इंग्रजांनी आणलं. ते आल्यावर कुणी ठरवलं?"

मी त्या दिवशी घरी येऊन बराच वेळ टेबलाकडे पाहत बसले. खरंच, कुठे बैठक झाली असेल? कुणी कुणाला कळवलं असेल? माझा मुलगा सौरभ बंगलोरला असतो. रात्री फोनवर त्याला विचारलं. तो मराठी सगळी समजतो आणि उत्तर बंगालीत देतो. म्हणाला, आई, मला तर टेबल काय आहे तेच माहीत नाही, म्हणून मी मराठी बोलत नाही. हे त्यानं मला पहिल्यांदाच सांगितलं. चूक होईल म्हणून तो लहानपणी गप्प झाला होता आणि आम्हाला वाटत राहिलं, की त्याला आवड नाही.

इकडे समितीचं अडलं होतं. कलकत्त्यात मराठी माणसं पुष्कळ, पण बहुतेक बदलीवर आलेली. बँकेतली, सरकारी कचेऱ्यांतली. त्यांना मराठी येते, पण मराठीतली योग्य व्यक्ती म्हणून सही करायला कुणी तयार होईना. शेवटी इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मला लीलावहिनी देशपांडे सापडल्या. सापडल्या म्हणजे त्या होत्याच, माझंच लक्ष नव्हतं. नागपूरच्या मराठीतल्या एम. ए., लग्न करून इथे आल्या आणि राहिल्या. त्या पदवीचा उपयोग मंडळाच्या आमंत्रणपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ सुधारण्यापुरता होत होता. मी सगळी हकीकत सांगितल्यावर त्यांनी मोदकांचं ताट खाली ठेवलं आणि विचारलं, "अभ्यासक्रम म्हणजे, सगळा मी ठरवायचा?"

दुसरे सदस्य म्हणून मी पवारांना गळ घातली. त्यांनी छावणीतल्या साहेबांची रीतसर परवानगी आणली. अध्यक्ष सेनगुप्तासाहेब. त्यांना मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, त्यामुळे ते निःपक्षपाती आहेत याबद्दल विद्यापीठाची खात्री पटली.

समितीची बैठक मंडळाच्या हॉलमध्ये, आरती झाल्यावर झाली. शिकवणारी म्हणून मला आत बसायला मनाई होती, तेव्हा मी प्रसाद वाटत दारातून ऐकत होते. लीलावहिनींनी अभ्यासक्रम तेराव्या शतकापासून सुरू केला होता. पवारांना तेरावं शतक मान्य नव्हतं. ते म्हणाले, वहिनी, उद्या ही पोरगी पुण्याला उतरली तर तिला रिक्षा करता आली पाहिजे, पोट दुखतंय हे डॉक्टरला सांगता आलं पाहिजे आणि रजेचा अर्ज लिहिता आला पाहिजे. लीलावहिनी म्हणाल्या, रजेच्या अर्जाला साहित्य म्हणत नाहीत. पवार म्हणाले, मंजूर झालेल्या रजेच्या अर्जाइतकं सुंदर लिखाण मी तरी वाचलेलं नाही. सेनगुप्तासाहेब दोघांकडे आळीपाळीनं पाहून मान डोलवत होते. अखेर तह झाला. थोडं संतांचं, थोडं रिक्षाचं आणि एक अर्ज.

लेखी परीक्षेला एका विद्यार्थिनीसाठी एक मोठा हॉल द्यावा लागला, कारण दोन भाषांचे पेपर एका खोलीत घ्यायला नियमाची मनाई होती. एका बाकाआड एक बसवायचं, म्हणून बिश्वासबाबूंनी सोहिनीचा क्रमांक पहिल्या बाकावर लिहिला आणि बाकीचे बाक नियमाप्रमाणे एकाआड एक रिकामे सोडले. विद्यापीठातून भरारी पथक आलं. त्यांनी सोहिनीच्या मागचे रिकामे बाक तपासले, पंखे तपासले आणि कॉपीचा एकही प्रकार आढळला नाही असं लिहून चहा घेऊन गेले. प्रश्नपत्रिका पवारांची होती. त्यात अर्जाला तीन पर्याय होते : आजारपणाची रजा, लग्नासाठी रजा आणि रजा वाढवून मिळण्याबाबत.

लेखी बरी गेली. तोंडी परीक्षा लीलावहिनी घेणार होत्या आणि मला तिचीच भीती होती. लीलावहिनी त्या दिवशी रेशमी साडी नेसून आल्या. शेजारी पवार. मी त्यांच्या मागच्या बाकावर, तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर.

वहिनींनी पहिला प्रश्न सोपा विचारला. तू मराठी कशासाठी घेतलीस? सोहिनी ताठ बसली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "शिक्षा म्हणून."

मी डोळे मिटून घेतले. बंगालीत शिक्षा म्हणजे शिक्षण. हे मी तिला सांगायचं राहिलं होतं, कारण माझ्या डोक्यात दोन्ही भाषा इतक्या शेजारी राहतात, की भिंत कुठे आहे हे मला दिसत नाही.

वहिनींच्या भुवया वर गेल्या. बरं, म्हणाल्या, आणि कॉलेज सुटल्यावर तू काय करतेस?

"मी घरी जाते. लहान मुलं येतात. मी त्यांना शिक्षा देते."

"रोज?"

"रोज. रविवारी जास्त."

"आणि त्यांचे आईवडील?"

"ते खूश आहेत. ते म्हणतात, अजून शिक्षा द्या."

पवार खोकल्याची उबळ आल्यासारखे खिडकीकडे वळले. लष्करात सगळं आयुष्य हिंदीत गेलेलं, त्यांना पहिल्याच वाक्याला समजलं होतं. लीलावहिनींनाही समजलं नसेल असं मी म्हणणार नाही, त्या इथे लग्न होऊन आल्या त्याला जमाना लोटला. पण त्या खुर्चीत बसून त्या ऐकायला तयार नव्हत्या. पवारांनी हळूच, मुलीला शिक्षण म्हणायचंय, असं सुचवताच त्या म्हणाल्या, "तिला काय म्हणायचंय ते मला कळलं. पण ही परीक्षा मराठीची आहे, माझ्या समजुतीची नाही."

सोहिनीला काहीतरी बिनसलंय एवढं कळलं. ती सावरायला गेली आणि म्हणाली, "मी खूप चेष्टा केली. मॅमनी पण माझ्यासाठी खूप चेष्टा केली."

बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न.

वहिनींनी पेन खाली ठेवलं. मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी अटीप्रमाणे गप्प होते, आणि इतकं कठीण गप्प बसणं मी जन्मात बसले नव्हते. इथे ती नापास झाली असती तर पुढचं सगळं अडलं असतं, आणि कारण काय, तर मी शिकवलेल्या शब्दांत दोन शब्द कमी पडले. लीलावहिनी तिच्याकडे वळून, कठोर आवाजात पण सावकाश बोलू लागल्या. म्हणाल्या, मराठीत शिकवण्याला शिक्षण म्हणतात. शिक्षा म्हणजे शास्ती, मारणं, कोपऱ्यात उभं करणं. आता मला परत सांग, तू त्या मुलांना काय देतेस?

सोहिनीनं हे मनात नीट लावून घेतलं. आपण आत्तापर्यंत काय काय बोललो हे तिच्या ध्यानात येत गेलं तसे तिचे कान लाल झाले. पण ती मुलगी बजबजहून रोज लोकलनं येणारी होती, तिला बसायला जागा करून घ्यायची सवय होती. ती म्हणाली, "मी त्यांना शिक्षण देते. ती ऐकत नाहीत, तेव्हा शिक्षा देते. मग मी दोन्ही देते."

पवारांनी आता उघडच हसून घेतलं. लीलावहिनी हसल्या नाहीत, पण त्यांनी पेन उचललं. उठताना मला एवढंच म्हणाल्या, "मुलं हा शब्द परत न घेता 'ती ऐकत नाहीत' म्हणाली. लिंग बरोबर, वचन बरोबर. हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, टेबलानं. त्यांना ते समजलं नाही आणि मी समजावलंही नाही.

सोहिनी पास झाली. पण आमची कहाणी तिथे थांबली नाही, कारण निकाल लावायचं काम संगणकाचं होतं. मराठीला बसलेल्यांत सोहिनी मंडल विद्यापीठात पहिली आली. शेवटचीही तीच आली होती, पण ते कुणी छापत नाही. मराठीचा निकाल शंभर टक्के लागला, असं विद्यापीठाच्या पत्रकात आलं, आणि बंगाली विभागाचं डोकं फिरलं, कारण त्यांचा तितका कधीच लागला नव्हता. सेनगुप्तासाहेबांनी वार्षिक समारंभात सोहिनीचा शाल घालून सत्कार केला. मंडळानंही केला. तिथे तिनं छोटं भाषण केलं, शिक्षा हा शब्द टाळून. पवारांची मुलगी पहिल्या रांगेत होती. भाषण संपल्यावर ती सोहिनीशी काहीतरी बोलली, हिंदीत. पवारांनी मला नंतर सांगितलं, की त्या दिवशी घरी गेल्यावर तिनं प्रथमच विचारलं, बाबा, आपल्यात पंखा तो का?

पुढच्या वर्षी पोर्टल उघडलं आणि मराठीवर झुंबड उडाली. शंभर टक्के निकालाची बातमी लोकलच्या डब्याडब्यातून पोचली होती. बिश्वासबाबूंनी यादी आणून माझ्यापुढे पसरली. एक अख्खा वर्ग भरला होता. घोष, दास, खातून, सिंग, मंडल. माझं ते नोकरीचं शेवटचं वर्ष. भूगोल माझ्याकडून पूर्णच काढला आणि मी कॉलेजची मराठी विभागप्रमुख म्हणून निवृत्त झाले. ज्या विषयात माझी एकही पदवी नाही, त्याच विषयात. निरोपाच्या भाषणात सेनगुप्तासाहेब म्हणाले, की शुनोन्दादींनी या कॉलेजात मराठीची स्थापना केली. मी हात जोडले. नद्यांचा उल्लेख राहून गेला त्याचं थोडं वाईट वाटलं. नद्या मी फार मन लावून शिकवल्या होत्या.

निवृत्तीनंतर एकदा सोहिनीचं बोलावणं आलं. ती आता वरच्या वर्गात गेली होती. मी लोकलनं बजबजला गेले. तिच्या गल्लीत, गिरणीच्या भिंतीलगत, एका दारावर बंगालीत फलक होता, इथे मराठी शिकवली जाईल. आत दाटीवाटीनं चटईवर मुलंमुली. त्या लाइनवरची निम्मी मुलं माझ्या जागी आलेल्या शिक्षिकेचा तास बुडवून तिच्याकडे येत होती, कारण ती बंगालीतून मराठी शिकवायची आणि कुठे पडायला होतं ते खड्डे तिला ठाऊक होते. तिच्या वडिलांनी मला खुर्ची दिली. मी मागे बसून ऐकत राहिले. सोहिनी म्हणत होती, "अगं, ते असूं दे गं बाई, आधी हे बघ." हे असूं दे गं बाई माझ्या आईचं. आई कोकणातली. ती गेल्यापासून त्या सुरात ते वाक्य मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. सौरभच्या तोंडून तर कधीच नाही. चहा गोड आहे का असं कुणीतरी मला विचारत होतं आणि मी अजून कप तोंडालाही लावला नव्हता.

हे पुढे असंच चाललं असतं, तर हा लेख जरा भारदस्तपणे संपवता आला असता. पण त्या उन्हाळ्यात विद्यापीठाला आपली चूक कळली. पोर्टलची दुरुस्ती झाली. नव्यांसाठी मराठी बंद, आत असलेल्यांनी पूर्ण करावी. बिश्वासबाबूंनी मला फोन करून ही वार्ता अत्यंत जड अंतःकरणानं दिली, जणू घरातलं कुणी गेलं. लीलावहिनींना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्या वर्षी गणपतीच्या आमंत्रणपत्रिकेत दोन चुका तशाच छापून आल्या.

मला सोहिनीची काळजी वाटत होती. तिची सगळी शिकवणी आता मराठीवर उभी होती. मी तिला फोन करावा की नाही या विचारात असताना तिचाच आला. ती मराठीत बोलत होती, फोनवर ती नेहमी मराठीतच बोलते. म्हणाली, मॅम, ऐकलं ना तुम्ही? मी म्हटलं, ऐकलं गं. फार वाईट झालं. आता तू काय करणार?

"मी नवी यादी नीट पाहिली," ती म्हणाली. "मराठी काढली, पण त्या दुरुस्तीत चुकून मणिपुरी आत आली आहे. शिकवणारं कुणीच नाही, म्हणजे पोरं तीच घेणार." मग जरा थांबून, अदबीनं विचारलं, "मॅम, तुमच्या ओळखीत कुणी मणिपुरी आहे का?"

मी तिला रागावणार होते. पण तेवढ्यात मला आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी नर्स आठवली, इम्फाळची. मी म्हटलं, "थांब, फोन ठेवू नकोस," आणि चपला घालून वर गेले.